मंगळवार संध्याकाळचे शिपाई

मुलानं व्हिडिओ फोनवर सांगितलं की त्याला फौजेत भरती व्हायचं आहे, पण फक्त मंगळवारी संध्याकाळी. मी तेव्हा फोन पिठाच्या डब्याला टेकवून तांदळाच्या भाकऱ्या करत होते.

"फक्त मंगळवारी?" मी विचारलं.

"आणि महिन्यातून एखादा शनिवार-रविवार. वर्षातून एकदा कॅम्प. बाकी माझी नोकरी आहे तशीच."

"आणि बुधवारी लढाई लागली तर?"

तो हसला. पण मी चेष्टा केली नव्हती. मला खरंच कळत नव्हतं.

मुलगा स्कॉटलंडात असतो. जेद्दाच्या इंडियन स्कूलमधून बारावी झाला, तिकडे शिकायला गेला आणि तिथंच राहिला. एका मोठ्या इस्पितळात इलेक्ट्रिशियन आहे. गेल्या वर्षी त्याला तिथलं नागरिकत्व मिळालं, तेव्हा आम्ही इथं बिर्याणी केली होती. आता तो म्हणत होता की मेडिकल झाली, तोंडी परीक्षाही झाली, फक्त शपथ राहिली आहे.

हे बाहेरच्या खोलीत होते. हे म्हणजे मुलाचे वडील. जेद्दाच्या जुन्या बाजारात, बलदमध्ये, कापडाच्या दुकानात आहेत, कापून देण्यापासून हिशेबापर्यंत सगळं बघतात. ते दारात येऊन उभे राहिले.

"कुणाची फौज?"

"इथली, अब्बा. रिझर्व्ह. इन्फंट्री."

"पायदळ," हे म्हणाले, आणि निघून गेले. त्या दिवसापासून ते फोनवर येईनात. एरवी जुम्म्याची नमाज झाली की पहिला फोन त्यांचा. आता शुक्रवारी फोन वाजला की ते खाली पाण्याचा टँकर आला का बघायला जायचे, टँकरचा दिवस नसला तरी.

मुलानं मला एकटीला सांगितलं, "अम्मा, तू आणि अब्बा हो म्हणाल्याशिवाय मी शपथ घेणार नाही. तारीख पुढं ढकलता येते, एकदा ढकललीय. पण सारखी नाही ढकलता येणार."

"पण तुला कशाला रे हवंय हे?"

 तो म्हणाला, "कामावर मी वायरिंगवाला. घरी एकटा. त्या हॉलमध्ये दोनदा बघायला म्हणून गेलो, तर चहा कोण करणार यावरून भांडत होते, आणि त्या भांडणात मलापण धरलं."

 मला नाही म्हणायची सवय नाही. शेजारीण अबाया उद्यावर शिवून मागते, मी हो म्हणते आणि जागून शिवते. मुलाला मी नाही म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्तच भीती वाटत होती. मी एवढंच म्हटलं, "बघते."

मग मला माझा मामू आठवला. मामू गवंडी होता, पण गणपतीत, उरुसात आणि इलेक्शनला खाकी घालून होमगार्ड व्हायचा. एकदा उरुसाच्या बंदोबस्ताला त्याला खुर्ची मिळाली, तिच्यावर तो झोपला आणि कुणीतरी त्याची काठीच पळवली. पुढे कितीतरी वर्षं गावात कुणाची काठी हरवली की मामूकडे बोट दाखवायचे. मला वाटलं, अरे, हे तर तेच. रोजची रोजी चालू आणि अडीनडीला खाकी.

मी ह्यांना जेवताना सांगितलं, "अहो, ते आपल्या मामूसारखं आहे. होमगार्ड."

ह्यांनी घास हातात तसाच ठेवला. "होमगार्ड?"

"तर काय. मंगळवारी कवायत करायची आणि घरी जायचं."

"मग तसं सांगायला काय झालं होतं त्याला? इन्फंट्री-बिन्फंट्री म्हणे." आणि मग ते हसायला लागले. मामूची काठी त्यांनाही आठवली असणार. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पोरगा तिकडे होमगार्ड होतोय. शुक्रवारी त्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"काय हो, होमगार्ड साहेब? काठी मिळाली का?"

मुलानं ह्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग तोही हसला. त्या बघण्याचं मी काही विचारलं नाही. इतक्या दिवसांनी दोघं बोलत होते, त्यात मी कशाला पडू.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. आमच्याकडे होमगार्ड असतो कारण गणपती असतो, उरूस असतो, गर्दी असते. त्या थंड, कमी माणसांच्या देशात दर मंगळवारी हॉलमध्ये जमून हे लोक करतात काय? आणि कधीपासून?

विचारायला माणूस होतं. एक स्कॉटिश बाई माझ्याकडे बरीच वर्षं शिवायला येते. इथल्या एका शाळेत शिकवते. मुलगा तिला मिस म्हणायचा म्हणून मीही मिस म्हणते. मुलाला कुठल्या कॉलेजात अर्ज करायचा हे तिनंच सांगितलं होतं, म्हणून घरात काही बिनसलं की हे म्हणतात, "तुझ्या त्या मिसनं धाडलाय त्याला." तिला हिंदी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. आम्ही दोघी बाजारात शिकलेल्या अरबीत बोलतो. दोघींचीही सारखीच कच्ची आहे, त्यामुळे कुणाला लाज वाटत नाही. ती मला इथल्या रीतीनं, मुलाचं नाव घेऊन, अमक्याची आई म्हणते.

त्याच दिवसांत ती स्वतः गाडी चालवत आली आणि पिशवीतून एक जड, चौकड्यांचा लोकरी कपडा काढून माझ्या टेबलावर पसरला. तिच्या भावाचा होता. पुतण्याच्या लग्नात पुतण्यानं तो घालायचा होता आणि कंबर थोडी वाढवून हवी होती. पुढून सपाट, मागून चुण्याच चुण्या. चुण्या अशा बसवलेल्या की चौकडी कुठंही तुटत नव्हती, उभ्या-आडव्या रेघा एका चुणीतून दुसऱ्या चुणीत सरळ जात होत्या. हे आत येऊन बघून गेले आणि मराठीत म्हणाले, "पुरुषाचा घागरा." मिसला कळलं नाही, पण ती हसली.

मी मोजमाप घेता घेता विचारलं, "तुमच्याकडचे मंगळवारचे शिपाई हे घालतात का?"

"कोण मंगळवारचे?"

मी मुलाचं सांगितलं. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. त्या दिवशी ती उशिरापर्यंत थांबली. नंतर काम कुठवर आलं ते बघायला म्हणून आली, मग न्यायला म्हणून आली, आणि दरवेळी थोडं थोडं सांगत गेली. तिच्या आजोबांचं घराणं त्यातलंच निघालं.

तिनं सांगितलं की दीडशे वर्षांहून आधीची गोष्ट आहे. फ्रान्सचा राजा समुद्रावरून चाल करून येणार अशी तिकडे हवा उठली. खरी फौज दूरदूरच्या मुलखांत पांगलेली.

"कुठल्या मुलखांत?"

 "तुमच्यासुद्धा."

"म्हणजे शिपाई आमच्याकडे बसले होते म्हणून तुमच्याकडे कमी पडले?"

मिस इतकी हसली की चहा बशीत सांडला. "असं मला कुणी शाळेत सांगितलं नाही," ती म्हणाली.

मग गावोगावच्या माणसांनी ठरवलं की आपणच शिपाई व्हायचं. सुतार, विणकर, कारकून, दुकानदार. दिवसभर काम आणि संध्याकाळी कवायत. पगार नाही. कपडेसुद्धा पहिल्यांदा ज्याचे त्यानं शिवायचे. प्रत्येक गावानं आपला रंग आपण ठरवायचा, आणि मिस म्हणाली की बंदुकीपेक्षा रंगावरच जास्त वाद झाले असतील. कुणाला करडा हवा, कुणाला हिरवा, कुणाला चौकडी. आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याला कुठला रंग द्यायचा यावर रमजानभर वाद चालला होता, त्यामुळे मला ते पटलं. मोठ्या शहरात वकिलांची वेगळी तुकडी, कारागिरांची वेगळी. एक तर दारू न पिणाऱ्यांची वेगळी.

"त्यात माझा मुलगा बसला असता," मी म्हटलं.

"त्यात जागा नेहमी रिकाम्या असणार," मिस म्हणाली.

मी तिला मावळ्यांचं सांगितलं. माझी शाळा चौथीला सुटली, पण चौथीच्या इतिहासात मावळेच होते, त्यामुळे तेवढं मला चांगलं आठवतं. पेरणी-कापणीला शेतात आणि दसरा झाला की मोहिमेवर. मिसनं ते दोनदा विचारून घेतलं. पावसात लढाई करत नसत का, घोडा कुणाचा, तलवार कुणाची. मला सगळं सांगता आलं नाही. पण कुणीतरी मला इतिहास विचारतंय, याचं फार नवल वाटलं.

मला मात्र वेगळंच विचारायचं होतं. गिरणीतला मुकादम तिथं साधा शिपाई आणि त्याच्या हाताखालचा माणूस हवालदार, असं झालं तर? मिस म्हणाली, झालं असेल, नक्कीच झालं असेल. मग दुसऱ्या दिवशी गिरणीत काय होत असेल? त्यावर ती म्हणाली, "तेच आम्हाला कुणी लिहून ठेवलं नाही."

"आणि तो फ्रान्सचा राजा?"

"आलाच नाही."

"मग घरी गेले सगळे?"

"नाही. त्यांना सवय लागली होती."

हे मला सगळ्यांत आवडलं. शत्रू आला नाही, तरी हे दर आठवड्याला जमतच राहिले. गावोगाव हॉल बांधले. आत कवायत, नेमबाजी, बक्षिसं, बँड, नाच. उन्हाळ्यात समुद्राकाठी तंबू ठोकून कॅम्प, आणि गिरणीतल्या माणसांना वर्षातली तेवढीच खरी सुट्टी. हळूहळू सरकारनं त्यांना खऱ्या पलटणींना जोडून घेतलं, मग हा चुण्यांचा कपडा आला. मिसनं फोनवर एक जुना फोटो दाखवला. उंच, बुटके, एक तर चांगला पोट सुटलेला. चेहऱ्यांवरून मला ते आमच्या बलदमधल्या दुकानदारांसारखेच वाटले. मुलगा त्या रांगेत कुठं उभा राहिला असता, ते मी बघत बसले.

तिसऱ्या खेपेला मिस कपडा न्यायला आली. मी बकल सरकवून, आतून पट्टी देऊन, ओलं फडकं टाकून चुण्या इस्त्री करून ठेवल्या होत्या. तिनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आजोबांच्या भावाचा असाच होता." मग तिनं राहिलेलं सांगितलं.

हे संध्याकाळचे शिपाई फक्त घरच्या राखणीसाठी होते. कायदाच तसा होता. त्यांना विचारल्याशिवाय समुद्रापलीकडे पाठवता येत नसे. पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा सरकारनं त्यांना विचारलं. मिसच्या गावात मैदानात सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि सांगितलं, जे परमुलखात यायला तयार आहेत त्यांनी एक पाऊल पुढे यावं. ओळीत एकाच गल्लीतले, एकाच गिरणीतले लोक. मिसचे आजोबा आणि त्यांचा थोरला भाऊ शेजारी शेजारी उभे. दोघंही बेकरीत कामाला.

"भाऊ पुढे गेला. आजोबा गेले नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. कायद्यानं त्यांना कुणी काही करू शकत नव्हतं. ते परत बेकरीत गेले आणि पाव भाजायला लागले."

पण जे पुढे आले त्यांना छातीवर लावायला बिल्ला मिळाला होता. आजोबांकडे तो नव्हता. बायका बेकरीत यायच्या, पाव घ्यायच्या आणि बोलायच्या नाहीत. थोड्या दिवसांनी आजोबांनीही जाऊन सही केली. भाऊ परत आला नाही. त्या गल्लीतले कितीतरी आले नाहीत. आजोबा आले, म्हातारे होऊन गेले, पण पुढं जन्मभर त्या हॉलमध्ये कधी नाचाला गेले नाहीत.

मी सुई खाली ठेवली. मी त्या ओळीत असते तर पहिल्याच हाकेला पुढे सरकले असते, हे मला माहीत होतं. जायची हौस म्हणून नव्हे, शेजारचा सरकला म्हणून. नाही म्हणायची मुभा असणं वेगळं आणि नाही म्हणता येणं वेगळं. आणि तरीही कुणीतरी एकदा विचारलं होतं, हेही काही कमी नव्हतं.

"आता असंच विचारतात का?" मी म्हटलं. "ओळीत उभं करून?"

मिसनं माझ्याकडे पाहिलं. मुलाचं काय चाललंय हे तिला ठाऊकच होतं. "आता नाही," ती हळू म्हणाली. "तो कायदा बदलून खूप वर्षं झाली. आता भरती होतानाच सगळं आलं. प्रत्येकाला पाठवतात असं नाही. पण बोलावणं आलं तर जावं लागतं. तू मुलाला विचार. त्याला माहीत असेल."

ती गेल्यावर मी मशीन झाकून ठेवली. मामू, काठी, खुर्ची, सगळं मीच ह्यांच्या डोक्यात घातलं होतं. त्याच्यावरच ते दोघं हसत-बोलत होते. मी गप्प राहिले असते तर ह्यांनी होमगार्डाला हो म्हटलं असतं, मुलानं तेच हो धरलं असतं, आणि सगळं गोडीनं पार पडलं असतं. दोन दिवस मी तसं करून बघितलं, म्हणजे गप्प राहून बघितलं. ह्यांनी विचारलंही, "काय गो, दात दुखतोय का?"

शुक्रवारी फोन आला. हे सोफ्यावर बसून मोठ्यानं म्हणाले, "बोला, होमगार्ड! शपथ कधी? आमच्याकडून काय, होच आहे—"

"थांबा जरा," मी म्हटलं.

ह्यांनी वळून पाहिलं. मी त्यांचं बोलणं असं मध्ये कधी तोडलं नव्हतं. मी पुढे होऊन फोन दोघांना दिसेल असा धरला.

"मला एक सांग," मी मुलाला विचारलं. "तुला परमुलखात लढाईला पाठवायचं झालं, तर ते आधी तुला विचारणार का? की नुसता कागद येणार?"

 त्याच्या मागं खिडकी होती आणि बाहेर दुपारीच अंधारल्यासारखं होतं.

"कागद येणार," तो म्हणाला. "अम्मा, आता वेगळं विचारत नाहीत. सही एकदाच."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तसं नाही म्हणता येत. काही खास कारण असलं तर अर्ज करता येतो. पण नुसतं नको म्हणून नाही."

हे माझ्याकडे बघत होते. "तू तर म्हणालीस, मामूसारखं."

"म्हणाले. मला तेव्हा ठाऊक नव्हतं."

"आणि तुला ठाऊक होतं," ते मुलाला म्हणाले. "तू हसत होतास आमच्याबरोबर."

"तुम्ही बोलायला लागला होतात, अब्बा."

ह्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. मला वाटलं, आता उठून टँकर बघायला जातील. पण ते म्हणाले, "मीपण एकदाच सही केली होती. मुंबईत, एजंटाच्या टेबलावर. शिवणकाम लिहिलं होतं. उतरलो तर नेलं आत वाळवंटात, हाइलला, गव्हाच्या गोदामात. पोती उचलायला."

ही गोष्ट मुलाला पहिल्यांदाच कळत होती. मलाही अर्धंच माहीत होतं.

"मग परत का नाही गेलात?"

"पासपोर्ट कफीलनं, मालकानं ठेवून घेतलेला. आणि गावाला जाऊन सांगणार काय?" ह्यांनी चष्मा परत लावला. "मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तुझं तसं नाही. तू सगळं वाचून, समजून चाललायस. म्हणूनच मला राग येतो."

 मग मुलगा म्हणाला, "अम्मा, तू सांग. अब्बांचं मला कळलं. तू हो म्हणतेस की नाही?"

 मी फोन उशीला टेकवून ठेवला.

"ऐक," मी म्हटलं. "पूर्वी तिकडे दोन वेळा विचारायचे. हॉलमध्ये यायला एकदा आणि समुद्रापलीकडे जायला वेगळं. आता विचारत नाहीत तर नसोत. तू मला विचारायचंस. मंगळवारला, शनिवार-रविवारला, कॅम्पला माझं हो आहे. तुझी माणसं तिथं आहेत, जा. त्याच्या पलीकडचं मी आज हो म्हणत नाही. तो कागद आला तर तू पुन्हा फोन करायचास आणि मला पुन्हा विचारायचंस. पहिल्यापासून."

"आणि तेव्हा तू नाही म्हणालीस तर?"

"तर मी नाही म्हणेन."

"मला तरी जावंच लागेल, अम्मा."

"मला माहीत आहे."

 "विचारीन," तो म्हणाला.

"कधी? जाताना विमानतळावरून नको."

"कागद आला की. त्याच दिवशी."

"आणि तोंडी. मेसेज नको."

"तोंडी," तो म्हणाला. "व्हिडिओवर."

ह्यांनी हो म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही. ते उठून दारापर्यंत गेले, तिथं उभे राहिले, आणि फोनकडे पाठ करूनच विचारलं, "कॅम्पला थंडीत बाहेर झोपवतात का?"

मुलानं सांगितलं की पिशवीसारखं अंथरूण देतात, त्यात शिरून चेन लावायची, खाली वेगळी चटई असते, पाऊस आला तर वरून ताडपत्री बांधतात. हे पाठ करूनच ऐकत होते. मग म्हणाले, "आणि ताडपत्री गळली तर?" आणि मुलगा त्याचंही सांगायला लागला.